निर्यातभाऊ आणि लाकडी खोकी

थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला धाकटी मनातल्या मनात निर्यातभाऊ म्हणायची. लघुउद्योजकांना निर्यातीसाठी मदत करणाऱ्या केंद्रात ते सल्लागार होते. खिशाला पेनांची रांग, तोंडात जागतिक बाजारपेठ. आणि उभ्या आयुष्यात त्यांची स्वतःची परदेशी पोचलेली वस्तू एकच, चुकीच्या विमानात चढलेली बॅग.

धाकटी कपबशा बनवायची. परदेशातल्या एका दुकानदारानं तिच्या निळ्या कपांची पहिलीवहिली ऑर्डर दिली होती आणि वर बजावलं होतं, या जहाजानं माल आला नाही तर दुसरीकडून घेईन.

"घरचा माणूस त्या खुर्चीत बसलाय, बाहेर कशाला विचारतेस? यांना काय वाटेल!" थोरली म्हणाली.

म्हणून ती केंद्रात गेली.

"भावोजी, पॅकिंग कसलं करू?"

"आधी तुझं व्हिजन सांग."

"कप फुटू नयेत."

ते केवढ्यानं तरी हसले. मग पडद्यावर जगाचा नकाशा, त्यावर इकडून तिकडे धावणारे बाण. बाण संपेपर्यंत चहा गार.

"लाकडी खोकी घे, दणकट. तुझ्या गल्लीतला सुतार करेल की."

"कुठलंही लाकूड चालतं?"

"अगं, लाकूड म्हणजे लाकूड!"

बंदरावरच्या गोदामात माल जहाजावर चढवून देणाऱ्या एजंटनं खोक्यावर टकटक केलं, चारी बाजूंनी पाहिलं.

"बाई, शिक्का कुठंय? लाकूड तापवून कीड मारल्याचा? हे तिकडे उतरूच देणार नाहीत. संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत खोकी बदला, नाहीतर माल घरी न्या."

शिक्क्याची खोकी गोदामामागच्याच वखारीत मिळाली. तिनं ती टेम्पोत घालून आणली आणि पदर खोचून जुन्या खोक्यांचे खिळे उपटायला बसली. भावोजींना फोन केला होता. ते आले, इस्त्रीच्या शर्टात, फोटोग्राफर घेऊन.

"वा! 'महिला उद्योजिका प्रत्यक्ष कामात'. अहवालात छान दिसेल."

"भावोजी, ही पहार धरा. झाकण त्या टोकाकडून उचला."

त्यांनी पहार धरली. माईक धरतात तशी, तोंडाजवळ.

"या नियमाची कल्पना मी तुला दिली होतीच, थोडक्यात."

"लाकूड म्हणजे लाकूड, एवढी थोडक्यात."

फोटोग्राफर खाली मान घालून हसला. भावोजींना एकदम कुठलंसं व्याख्यान आठवलं. पहार भिंतीला टेकवून ते कपडे झटकत निघाले. मग फोटोग्राफरनंच कॅमेरा पाठीवर टाकला आणि दुसरं टोक उचललं.

गेटवाला साखळी ओढत असताना शेवटचं खोकं आत गेलं. एजंटनं अंगठा दाखवला. ती तिथंच जमिनीवर बसली, तळहाताला फोड आलेले.

तेवढ्यात भावोजींचा फोन.

"झालं ना? सांगत नव्हतो! आता पुढच्या खेपेला आधीच ये, सविस्तर मार्गदर्शन करतो."

"पुढच्या खेपेला तुम्ही ताईला घेऊन घरी जेवायला या, भावोजी," ती म्हणाली. "विचारायचं ते मी एजंटला विचारीन."