बसलेल्या बायकांचं चित्र

कॉलेजात चित्रकला शिकताना मी लायब्ररीत फ्रान्समधल्या जुन्या चित्रकारांची पुस्तकं तासन्‌तास बघायची. गवत कापणाऱ्या, सफरचंदं तोडणाऱ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. जवळून नुसते रंगाचे फटकारे, पण त्यांच्या पाठीवरचं ऊन मला ओळखीचं वाटायचं. पुढं अणदूरजवळच्या आमच्या गावात मी चित्रकलेची शिक्षिका झाले, तेव्हा ठरवलं, असं चित्र काढायचं, आपल्या ज्वारीच्या रानाचं. जमेल की नाही, ही शंका मनात आलीच नाही.

काढणीला माझी चुलती आणि आणखी चार बायका होत्या. मी बांधावर स्टँड उभा केला आणि म्हणाले, "काकू, जरा तशाच वाकून थांबा."

"थांबले तर ज्वारी कोण उपटंल? तू काढ की. आमी न्हाय थांबणार."

त्या पुढं सरकत राहिल्या. मग मीही हात चालवला. नाकडोळे सोडले. हिरवं लुगडं, पाठीचा बाक, मुळासकट उडालेली माती, एवढंच भराभर लावत गेले. माणूस थांबत नसलं की ब्रश असाच चालवावा लागतो, हे त्या दिवशी हाताला कळलं.

दुपारी कडुलिंबाखाली भाकरी खाऊन काकू चित्र बघायला आल्या.

"ह्यात मी कोणती?"

"ही हिरवी."

"वाकलेलीच काढलीस व्हय? वाकलेली तर समदी बघत्यात. आता बसतेय, ही काढ."

आणि पाय लांब करून त्या बुंध्याला टेकल्या. बाकीच्याही पसरल्या. मी नवा कॅनव्हास लावला. सावलीत निळा रंग भरला, तशी एक जण हसली, "सावली निळी कुठं असती गं?"

"तुमच्या पांढऱ्या पदरावर बघा."

तिनं पदर पसरून पाहिला. "अगं बया, हाय की!" मग सगळ्यांनीच आपापले पदर तपासले.

सोलापूरच्या प्रदर्शनात मी दोन्ही चित्रं मांडली आणि काकूंना सोबत नेलं. बसलेल्या बायकांपुढं एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. म्हणाले, "किती राबतात बिचाऱ्या!"

"बिचाऱ्या कशानं?" काकू पुढं झाल्या. "जेवून निवांत बसलोय आमी."

गृहस्थांनी चित्राकडं पाहिलं, मग काकूंकडं. "यातल्या तुम्ही?"

"व्हय. ही मधली." आणि कोण कुठली, कोण लई बोलती, हे त्यांनी एकेकीवर बोट ठेवून सांगितलं. ते गृहस्थ खुर्ची ओढून ऐकत बसले.

वाकलेल्या बायकांचं चित्र त्यांनी विकत घेतलं. दुसरंही मागत होते. मी दिलं नाही. ते पाचही घरांत पाळीपाळीनं फिरतं. सध्या पांढऱ्या पदरवालीकडं आहे, टीव्हीच्या वर.