बसलेली जखम

आमच्या रंगपटात एक शब्द होता, बसणं. मिशी बसली, टोप बसला, जखम बसली. बसली म्हणजे पहिल्या रांगेतल्या माणसालाही ती खोटी वाटत नाही. मी दिवसा गिरणीत साच्यावर कापड विणायचो नि उरलेल्या वेळात लालबागच्या कामगार नाटकांची रंगभूषा करायचो. मिशांत माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. पण जखमा? छ्या! नुसते कुंकवाचे डाग वाटायचे.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते, गोळीबार होत होते, आणि आमच्या मंडळानं त्यावरच नाटक घेतलं. त्यात नायकाला खांद्यात गोळी लागते. मी फुगे बनवणाऱ्याकडून रबराचं दूध आणलं. काय तो वास, नाकातले केस जळतील! काचेवर त्याचे थर द्यायचे, मध्ये कापूस घालायचा, वाळलं की सोलून अंगावर चिकटवायचं. चार जखमा केल्या, चारही भिकार. एक तर फाटक्या पुरणपोळीसारखी दिसत होती.

आमच्याच मजल्यावरच्या मावशीच्या मुलाला मोर्चात खरी गोळी लागली होती, उजव्या खांद्याला. तोही माझ्यासारखाच साच्यावरचा, नुकताच इस्पितळातून घरी आला होता. मी दोन मोसंबी घेऊन गेलो. मोसंबी कसली, बहाणा तो! मावशीनं पट्टी बदलायला सोडली आणि मी बघतच राहिलो. कडा आत वळलेल्या, मध्ये काळपट, बाजूला पिवळी झाक. तोंडून निघूनच गेलं, "वा! काय बसलीय!"

मावशी मालवणकडची, साधी बाई. तिला वाटलं मी गोळीचं म्हणतोय.

"बसली रे झिला," ती डोळे पुसत म्हणाली, "खांद्यारच बसली."

तिथंच जीभ चावून उठायला हवं होतं. पण मी लाज कोळून प्यायलो होतो. म्हणालो, "मावशी, पट्टी नको बांधू एवढ्यात." मला त्यातलं काही कळतं असं तिला वाटलं असणार. ती थांबली. पोरगा दातओठ आवळून पडलेला, ती पदरानं माश्या वारतेय, आणि मी रंग पाठ करतोय. आज इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

नाटकात जखम अशी बसली की बायका रडल्या. पडदा पडल्यावर लोक माझी पाठ थोपटत होते. तेवढ्यात मावशी आत आली, एकटीच. मुलाचा हात तोवर कायमचा लुळा पडला होता, त्याचं साच्यावर परत जाणं संपलं होतं. नायक आरशापुढे बसला होता. तिनं त्याच्या खांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जखम ओळखली तिनं. आता शिव्या घालेल, असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं बोटानं जखमेची कड हळूच चाचपली.

"ही निघता मा रे?"

"निघते, मावशी."

"बरा आसा," ती म्हणाली. "पण हळू काढ हां. तेका दुखात."