सरांच्या जाहीरनाम्याखालच्या सह्या

मसाटच्या कारखान्यांचा गोंगाट ज्याला गाण्यासारखा ऐकू येतो, असा माणूस अख्ख्या सिल्वासात एकच, आणि तो नेमका डोकमर्डीत माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा. इथल्या शाळेतले चित्रकलेचे सर. मूळचे कोकणातले, पण कोकणी माणूस आंब्यांची आठवण काढील, तर हे काढणार इटलीतल्या एका कवीची! शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हा कवी मोटार घेऊन भरधाव निघाला, समोर दोन सायकलवाले आले, आणि स्वारी गाडीसकट कारखान्याजवळच्या गटारात. दुसरा कुणी आंघोळ करून गुमान झोपला असता. यानं चिखलानं माखल्या तोंडानं जगाला बजावलं, की म्युझियमं पाडा, धावती मोटार जुन्या मूर्तीहून सुंदर असते! तो जाहीरनामा पॅरिसच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापून आला आणि भविष्यवादी चित्रकारांची चळवळ उभी राहिली. सर हे सांगायला लागले की माझ्यासारख्या धुळ्याच्या सुपरवायझरच्याही अंगावर काटा यायचा. एकदा सर स्वतःच स्कूटरसकट नाल्यात गेले. मी धावत जाऊन हात दिला, तर आतून म्हणतात, "थांब जरा, अनुभव घेऊ दे!"

पण भक्ती आंधळी नव्हती हां. त्या मंडळींनी पुढे युद्धाचे गोडवे गायले, तो विषय निघाला की सर संतापायचे. "तिथं शेण खाल्लं त्यांनी. यंत्र दिसलं, यंत्रावरचा हात नाही दिसला!" म्हणून सरांनी स्वतःचा जाहीरनामा लिहायला घेतला. नऊ कलमं लिहायला बारा वर्षं. यंत्र रंगवाल तर ते चालवणारा हातही रंगवा, हे पहिलं कलम. अडचण एवढीच, की खाली सही कुणाची? शाळेतले शिक्षक हसून सटकायचे. मी तर प्रत्येक कलम दहादा ऐकलेलं, तरी टाळत आलो. कारखान्यात पोट भरणाऱ्याचा हात जाहीरनामा म्हटलं की कचरतोच. "एकट्याची सही म्हणजे अर्ज रे," सर म्हणायचे, "चळवळ नव्हे." आणि या वर्षी सर निवृत्त होऊन गावी निघाले होते.

शेवटी मलाच राहवलं नाही. दसऱ्याला आमच्या कारखान्यात मशीनची पूजा असते. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. साहेबांना विचारून सरांसाठी दहा मिनिटं मागून घेतली. सर आत आले, ते माळा घातलेल्या मशीनसमोर चपला काढून उभेच राहिले. "त्या इटलीवाल्यांना जे लिहून सांगावं लागलं, ते तुम्ही कधीपासून करताय," म्हणाले. मग नऊ कलमं वाचून कागद टेबलावर ठेवला. बघतो तर काय, माणसांची रांग लागली! एकेक जण येऊन सही करतोय. सरांचे डोळे वाहत होते.

मला मात्र त्या रांगेचं खरं कारण ठाऊक होतं. आमच्याकडे दर आठवड्याला सेफ्टीचं भाषण असतं, आणि भाषण संपलं की समोरच्या कागदावर सही ठोकायची आणि हजेरीचा टोकन नंबर टाकायचा, हा हाताला लागलेला शिरस्ता. नंदुरबारकडचा एक जण तर सरांना विचारत होता, "सर, टोकन नंबरबी लिखू का?" आणि शेजारच्याला सांगत होता, "सेफ्टीना नवा साहेब भारी बोलस." सर म्हणाले, "लिहा, नंबरही लिहा!" आता त्यांना सांगायचं कुणी? मी नारळाचा प्रसाद वाटत राहिलो, आणि ते न सांगणं आठवडाभर मला खात राहिलं.

सर निघाले त्या दिवशी सकाळी त्यांना बस स्टँडवर सोडायला गेलो. तिथं एकदाचं सगळं ओकून टाकलं. सर शांतपणे म्हणाले, "अरे, नंबर विचारला तेव्हाच कळलं मला. पण कागदावर हात उमटले ना त्यांचे! पहिलं कलमच ते." मग पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे धरला. "ऐकून, समजून केलेली एक तरी सही असू दे."

सगळ्यात खाली थोडी जागा होती. मी सही केली. बस गेली, तेव्हा सरांचं पेन माझ्याच हातात राहिलं होतं.