कोठीवरच्या बाईचे पाय

मंडळी, हाताचा रंग अजून निघालेला नाही, तरी लिहितेय.

मी ठाकुर्लीची, भिंती रंगवते. सध्या कल्याणच्या पुढे एका गावात भातगिरणीची कोठी रंगवतेय. भात साठवायची, गोल, चार मजली उंच. चित्र आवणीचं आहे, म्हणजे चिखलात वाकून भाताची रोपं लावणारी बाई. चेहरा गावातल्याच जनाकाकूंचा. उद्या उद्घाटन.

आज सकाळी परांचीवर अगदी वर होते, तर खालून आरडाओरडा. वीसेक माणसं, पुढे जनाकाकू. "उतर खाली! पूस ते आधी!" कोणीतरी परांचीचा बांबू गदागदा हलवला. मी दोर घट्ट धरून डोळेच मिटले.

कशीबशी उतरले. काकूंनी माझं मनगट पकडलं. "लावलेली रोपं कुठं हायेत?"

"चित्रात तुमच्या पाठीमागे."

"म्हंजे मी त्यांच्यावरनं चालत आले? अगं, आवणी करताना बाई मागं मागं सरते. लावलेलं समोर ऱ्हातं. उद्या अख्खा गाव बोलंल, जना आपलंच रोप तुडवतेय!"

मी रंगाचे डबे घेऊन परत वर चढले.

दिवसभर मागचं हिरवं पुसून चिखल केला, समोर रोपं काढली. काकू उन्हात उभ्या राहून खालून एकेक ओळ सांगत होत्या.

चित्रासाठी फोटो काढताना मी त्यांना हनुवटी वर करायला सांगितलेलं. आवणी कशी करतात, ते विचारलंच नव्हतं. आणि मी दोन्ही वेळा भात खाणारी!

खरं सांगा, हे चित्र तुम्ही काढलं असतं, तर तुमच्यापैकी कोणाकोणाची बाई पुढे चालली असती?