लावलेली कडी

कारखान्यात काजेवालीने सांगून टाकलं, स्टुलावरून पडले. शर्टांना काजं करणारी बाई, तिचंच उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये आणि गालावर चार वळ. शेजारची बटणवाली म्हणाली, "स्टुलाला बोटं होती वाटतं गं!" सगळ्या खिदळल्या. तीही हसली. दुसरं करणार काय?

मारलं होतं धाकट्या भावाने, रविवारी. एकोणीस वर्षांचा. वर्षभर त्याच्या डोक्यात माणसं बोलायची, शिव्या घालायची. गोळ्यांनी ती माणसं जरा गप्प झाली, पण राग काही हटेना. म्हणून दर बुधवारी दोघं दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे जायची. बाईंनी त्याच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती: कान तापले की वाद घालायचा नाही, 'जिना' म्हणायचं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायचं. घरच्यांनी अडवायचं नाही. पोराने पाच वेळा केलं तसं. पाच वेळा! कोण करतं एवढं?

या बुधवारी मात्र तो मान खाली घालून बसला.

"बाई, माझ्यावर वेळ घालवू नका. पुढच्या बुधवारपासून मी येत नाही. मी जनावर आहे."

"रविवारी 'जिना' म्हणालास का?"

"आठवत नाही. डोकं भणभणत होतं. म्हणालो असतो तर ताईचा हात मोडला असता का?"

बाईंनी काजेवालीकडे पाहिलं. "तुम्हाला काय आठवतं?"

तिला सगळं आठवत होतं. समोरच्यांकडे पाहुणे आलेले, त्यांचं दार सताड उघडं. हा पायरीवर बसून पुटपुटणार आणि ते सगळे चहा पीत बघणार! तिने पटकन कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. आता गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. फक्त पोरगा पुन्हा इथे आला नसता.

"म्हणाला होता," ती म्हणाली. "दोनदा. मीच कडी लावली. लोक बघतील म्हणून."

धाकट्याने मान वर केली. "मी म्हणालो होतो?"

"हो रे."

"कडी ताईंनी लावली," बाई म्हणाल्या. "हात तू उचललास. मी दोन्ही लिहिते."

"लिहा." मग तो बहिणीकडे वळला. "तीन दिवस, ताई. तीन दिवस मी स्वतःला जनावर समजत होतो. आणि तू मला जेवायला वाढत होतीस."

तिला वाटलं, याच्यापेक्षा त्याने दुसरा हातही मोडला असता तर बरं.

"मग पुढचा बुधवार?" बाईंनी विचारलं.

"येतो. पण एकटा आत येईन."

"मी बाहेर बाकावर बसेन," काजेवाली म्हणाली.

"बस," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.