मायच्या मापाची घागर

त्या पत्रकाचा मथळा मीच लिहिला होता: ‘पाणी आमच्या हक्काचं, उपकार नको!’ गुजरातेत, पर्वत पाटियाजवळच्या आमच्या गल्लीत नळ नव्हता. कोपऱ्यावरच्या एकाच नळावर अख्खी खानदेशी वस्ती रांग लावायची. त्याविरुद्ध त्या दिवशी सभा होती. सकाळी माय म्हणाली, “मनं डोकं गरगर फिरी ऱ्हायनं. आज तू जाय ना पाणीले.”

मी पत्रकांना घड्या घालत होते. म्हणाले, “तुझ्याच पाण्यासाठी चाललेय ना, माय!” आणि गेले.

माय भरल्या मातीच्या घागरीसकट नळाजवळ पडली. मी सभेतून परतले तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं, खापऱ्या तेवढ्या रस्त्यात होत्या. तिसऱ्या दिवशी ती गेली. माझं भाषण मात्र छान झालं होतं. टाळ्या पडल्या होत्या. हे मी कुठल्याही पत्रकात छापलं नाही.

आमच्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरून पुजतात. मी बाबांना सांगितलं, मायची घागर मी घडवणार, विकतची नको. तेव्हा ते माझ्याशी बोलतच नव्हते.

कतारगामला एक गुजराती कुंभारकाका होते. माय त्यांच्याकडूनच घागर घ्यायची. मला चाकावर बसायचंय म्हटल्यावर ते म्हणाले, “बेन, चाक पर बैरां नथी बेसतां.”

बायकांनी चाकावर बसायचं नाही! झालं, मी तिथंच भाषण ठोकलं. काकी, म्हणजे त्यांची बायको, ओसरीत मडकं थापटत बसली होती. खानदेशी गिऱ्हाइकांमुळे तिला मराठी येत होतं. ती हसली. “बसू द्या हो. नाहीतर ही रोज येऊन हेच ऐकवेल.”

महिनाभर रोज गेले. लहान गाडगी जमायला लागली. पण मोठं करायला गेलं की भिंत वर चढायची, लचकायची आणि मटकन बसायची. मी आणखी माती घ्यायची, आणखी जोर लावायची. शेवटी काकीच वैतागली.

“अगं, घागर चाकावर मोठी होतच नाही! चाकावर नुसतं तोंड नि जाड भिंत. मोठी होते ती इथं, माझ्या मांडीवर.”

महिनाभर ती माझ्या पाठीमागे हेच करत होती. आतून गोल दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापी मारायची, भिंत पातळ होते आणि पोट फुगत जातं. बाई बसल्या बसल्या करते म्हणून मी त्याला काम धरलंच नव्हतं. मी! पत्रकं लिहिणारी!

मी तिच्याशेजारी खाली बसले. पहिल्या दोन घागरी फाटल्या.

“मारतेस कशाला? थोपट. मूल निजवतात तसं.”

तिसरी फुगत गेली. त्या दिवशी रस्त्यातली एक मोठी खापरी मी उचलून आणली होती. तिचा बाक घागरीच्या पोटाला लावून पाहिला. बसला. काकीनं खापरी पाहिली. आणि माझ्या हातातली थापी काढून घेतली, आणखी एक ठोका पडू नये म्हणून.

भट्टीतून घागर धड निघाली. आखाजीच्या सकाळी ती घेऊन त्याच नळावर रांगेत उभी राहिले. भरली, पण उचलवेना. मागच्या मावशीनं डोक्यावर चढवून दिली. घरापर्यंत दोनदा टेकवावी लागली. मान लटलटत होती.

बाबा दारात होते. घागर उतरवून घेताना म्हणाले, “जड शे ना?”

“शे.”

त्यांनी ती पाटावर ठेवली आणि कुंकू लावलं.

माय रोज अशा चार खेपा करायची. मी स्टीलची कळशी घेतली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिले.