कुंपणाबाहेरची फुलं

तेव्हा मी लहान होते. म्हणजे अडुसष्ट वर्षांची. त्या वयात बाईला पोच म्हणून नसतो, हे आता एकाहत्तरीत कळतं.

त्या अल्लड वयात मी चक्क एका शहरावर जळायला लागले. शहराचं नाव कॉर्क. आयर्लंडच्या खालच्या अंगाला आहे. मी ते डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. पण माझी नात, जिला मी इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये तेल लावून, वेण्या घालून, गुरगुट्या भात भरवून मोठी केली, ती तिथे दोन वर्षांच्या नोकरीवर गेली होती. दोन वर्षं संपत आली, तरी परत येण्याबद्दल बाईसाहेब चकार शब्द काढत नव्हत्या. तिची खोली मी तशीच ठेवली होती. सून एकदा म्हणाली, "आई, तिथे ट्रेडमिल ठेवू या का?" मी नुसतं बघितलं. ट्रेडमिल अजून गराजमध्येच आहे.

आणि तशात तिकडे विहीणबाई जाऊन बसल्या.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेच्या आई. नागपूरच्या. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे कुठेही गेल्या की आधी नदी कुठून येते ते विचारतात. नात त्यांना नानी म्हणते, मला आजी. व्हिसावर तीन महिने राहता येतं म्हणून त्या राहिल्या, आणि मी सकाळचा चहा ओतून घेतला रे घेतला की फॅमिली ग्रुपवर त्यांचा फोटो यायचा. कधी तळ्यात पांढरेशुभ्र हंस आणि काठावर रेनकोटमधल्या विहीणबाई. कधी ली नदीच्या काठच्या बागेत गुलाबांचे ताटवे आणि मध्ये विहीणबाई. कधी झाडांनी झाकलेली लांबलचक पायवाट, तिच्या टोकाला ठिपक्याएवढ्या विहीणबाई. खाली लिहिलेलं असायचं, 'आज नातीसोबत. फारच छान वाटून राहिलं.'

वाटणारच! माझी नात आहे ती.

मीही गप्प बसले नाही. आमच्या घरामागे ऑफिसांच्या इमारती आहेत, आणि त्यांच्यामागे पावसाचं पाणी साठायला खणलेलं एक तळं. त्यात हंस कुठले असायला? कॅनडाहून येणारी ती दांडगट बदकं असतात, ती फुटपाथभर घाण करतात आणि वर माणसालाच फिसकारतात. मी मुलाला घेऊन गेले आणि म्हटलं, माझा फोटो काढ.

"आई, मागे पार्किंग लॉट येतोय."

"मग तू खाली बस."

"इथे? या घाणीत?"

"लहानपणी तुझी मी किती काढली?"

बिचारा बसला. फोटोत तळं अगदी सरोवर दिसत होतं. कॅलेंडरवरच्या बाईसारखी मी नऊवारीत नव्हते एवढंच. वर लिहिलं, 'आमच्याकडचा निसर्गही काही कमी नाही.' नातीने त्यावर हसरा चेहरा टाकला, आणि पाठोपाठ नानीच्या नव्या फोटोवर तीन बदाम टाकले. मी ते बदाम चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात मेथी निवडत असताना ओळखीच्या एक काकू भेटल्या. "नात कधी येतेय?" म्हणाल्या.

"जूनमध्ये," मी ठणकावून सांगितलं. मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. मग ते खरं करायला मीच जूनचं आयर्लंडचं तिकीट काढलं. सगळ्यांना सांगितलं, बागा बघायला चालले. खरं म्हणजे मी पोरीला परत आणायला निघाले होते. बरोबर बेसनाचे लाडू आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला आमचा पितळी बाळकृष्ण. त्याला सोडून मी चार दिवसांवर कुठे राहत नाही, आणि तो नातीचा लहानपणचा दोस्त. साक्षीदार म्हणून बरा.

हा बाळकृष्ण आणि फुलं यांचं थोडं सांगायला हवं. नात चार वर्षांची असल्यापासून आम्ही दोघी सकाळी शॉमबर्गच्या गल्ल्यांतून फिरायला जायचो, आणि पूजेची फुलं गोळा करायचो. माझ्या आईने मला शिकवलेला नियम मी तिला शिकवला होता. कुंपणाच्या आतलं फूल शेजाऱ्याचं, बाहेर लोंबलेलं देवाचं. कळीला हात लावायचा नाही. आणि फांदीवरची निम्मी फुलं फांदीलाच ठेवायची. पावाची रिकामी पिशवी तिच्या हातात. एकदा एका घरातून गोरी बाई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून. मी हातातलं फूल पाठीमागे लपवलं. ही चिमुरडी इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे एक बेबी आहे, त्याला पाहिजेत." त्या बाईने आतून कात्री आणून पिअनीच्या भरगच्च फुलांची जुडीच कापून दिली. पुढे नात शाळेत जायला लागली, सकाळ धावपळीची झाली आणि पिशवी माझ्या एकटीच्या हातात आली.

कॉर्कला पोचले तर विहीणबाई दारातच उभ्या.

"या, या विहीणबाई! थकल्या असाल. उद्यापासून तुम्हाला सगळं शहर फिरवते."

सगळं शहर फिरवते! जसं काही नगराध्यक्ष.

पण फिरवलं हो त्यांनी. नात ऑफिसला गेली की या मला घेऊन निघायच्या. जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट केलीय, त्यावर त्या पुढे टणाटणा आणि मी मागे गुडघा धरून. बॅलिनकॉलिगला नदीकाठी दारूगोळ्याच्या गिरणीचे पडके अवशेष आहेत, त्यांचा इतिहास त्यांनी मला उभ्याउभ्या शिकवला. मध्येच पाऊस यायचा, मध्येच ऊन. समोरून येणारा माणूस नखशिखांत भिजलेला असायचा आणि म्हणायचा, काय सुंदर दिवस आहे! विहीणबाई त्याला तेच परत म्हणायच्या. त्यांना कुत्र्यांची नावं माहीत होती. हंसांच्या तळ्यावर एक बाक होता, त्याला नात 'नानीचा बाक' म्हणते, हेही त्यांनीच सांगितलं. मी त्या बाकावर बसले नाही. गुडघा ठणकत होता तरी उभी राहिले. कसली ती अक्कल! अडुसष्टच्या पोरीकडून आणखी काय अपेक्षा करणार?

त्या बाकावर बसूनच विहीणबाई म्हणाल्या, "पोरगी इथेच राहायचं म्हणून राहिली. तुम्हाला बोलली असेलच."

मला बोलली नव्हती. मी हंसांकडे बघत म्हटलं, "हो, हो, मागेच बोलली." माझ्या मनात आलं, हे या बागांनी केलं. आणि या बाईने. मी शॉमबर्गच्या तळ्यावरून हिला हरवणार होते!

त्या संध्याकाळी मी लाडवांचा डबा पुढे ठेवून नातीसमोर बसले. बाळकृष्ण टेबलावर. भाषण तयार होतं. ती म्हणाली, "आजी, उद्या सॅटरडे आहे. उद्या आपण तिघी जाऊ, मग बोलू, प्लीज?" म्हणजे तिलाही ठाऊक होतं मी का आलेय.

शनिवारी सकाळी नदीकाठच्या गुलाबांच्या बागेत गेलो. एक लाल गुलाब रेलिंगच्या चांगला वीतभर बाहेर आला होता. माझा हात शिवशिवला. पण विहीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "ही सरकारी बाग आहे बरं का, विहीणबाई. इथे हात नका लावू. माझी इज्जत आहे इथे." मी हात शालीत घातला. बाळकृष्ण आल्यापासून फुलांवाचून नुसत्या पाण्यावर होता.

बागेतून घरी परतताना चढाच्या रस्त्यावर एक दगडी कुंपण लागतं. त्यावरून फ्युशियाची लाल-जांभळी फुलं झुंबरासारखी बाहेर लोंबत होती. नात बोलत बोलत चालली होती. बोलता बोलताच टाचा उंचावल्या, एका हाताने फांदी वाकवली, कळ्या सोडल्या, उमललेली चार-दोन खुडली, बाकीची तशीच ठेवून फांदी हळूच सोडली, आणि फुलं रेनकोटच्या खिशात टाकली. तिचं बोलणं थांबलंसुद्धा नाही.

मीच थांबले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"घरी ठेवायला. खिडकीत. आय डू इट ऑल द टाइम, आजी. बाहेरची आहेत ना!"

आणि विहीणबाई एकदम फुटल्या. "बाप्पा, आता विचारताच आहात तर सांगते! तीन महिने हेच ऐकून राहिली मी. हे आजीला आवडलं असतं. आजी कळी तोडू देत नाही. आजी असती तर या बदकाशी भांडली असती. कुठेही न्या, हंस दाखवा, झाड दाखवा, हिचं आजीपुराण सुरू! एका बाकाला माझं नाव दिलं, तेही मीच मागून घेतलं. मला तुमचा असा राग येऊन राहिला होता ना, विहीणबाई, की तुम्ही उतरल्या त्या दिवशी वाटलं, फिरवून फिरवून गुडघेच मोडते हिचे."

"मोडलेतच," मी म्हटलं.

त्या हसायला लागल्या. मीही. नात दोघींकडे बघत म्हणाली, "यू टू आर क्रेझी." मग तिने माझा हात धरला. "आजी, मी इथेच राहतेय. मला तुला फोनवर सांगता आलं नाही. तू रडली असतीस."

"मी? मी कधी रडते?" असं म्हणून मी रडले. तयार केलेलं भाषण कुठे गेलं कोण जाणे. कुंपणाच्या आतलं बाहेर आलं की ते आपलं राहत नाही, हे पोरीला शिकवलं कुणी? आता तोंड कुठल्या तोंडाने उघडायचं?

एवढ्यात त्या घराची खिडकी उघडली. पांढऱ्या केसांची एक गुबगुबीत म्हातारी डोकावली. आता ओरडा बसणार म्हणून मी डोळे पुसून विहीणबाईंच्या मागे सरकले. पण म्हातारी हसली आणि नातीला लाडाने हाक मारून इंग्रजीत म्हणाली, "किटली ठेवलीय गं. शनिवारचा केक झालाय. रस्त्याकडची फांदी तुझ्यासाठीच छाटत नाही मी, घेतलीस ना फुलं?" आणि आमची नात, फाटक ढकलून, मांजरासारखी आत! आतून आम्हाला म्हणते, "कम, कम! ही बघा माझी शनिवारची आजी!"

मी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी माझ्याकडे.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"अजिबात नाही! शनिवारी सकाळी मला सांगायची, धावायला जाते."

आम्ही दोघींनी केक खाल्ला. बरा होता. जरा कोरडा.

नात अजून कॉर्कलाच आहे. ट्रेडमिल अजून गराजमध्येच आहे, कारण ती नाताळात येते तेव्हा खोली लागते. फ्युशियाखाली चहा पिणाऱ्या नातीचा आणि त्या म्हातारीचा फोटो शनिवारी ग्रुपवर पडतो. पडला की मी आधी नागपूरला फोन लावते. विहीणबाई तोवर फोन हातात घेऊन वाट बघत असतात.

"पाहिलं का?"

"पाहिलं ना, बाप्पा. या वेळी हायड्रेंजिया किती मरगळलाय, बघितला?"

"पाणी घालत नसेल. सगळा वेळ दुसऱ्यांच्या नातींचे लाड करण्यात जातो."

"केकही बसलेला दिसून राहिला."

मग आम्ही दोघी फोटो मोठा करून बघतो, आणि नीट बघतो.